जुनी जीप : शौक करा, पण हिशोब आधी

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप, बहुतेक महिंद्राची एमएम ५४०, विकत घ्यायची, उंच करायची आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर न्यायची, हा शौक तरुणांत आहे. शौकाला आमची हरकत नाही. पण पैसा उलट्या क्रमाने खर्च होतो, हे आम्हा कापडवाल्यांना खटकते. कापडच विरलेले असेल तर वरची जर काय कामाची?

मोठा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापतो. त्यामुळे गिअर जड पडतो, चढणीला ओढ कमी होते, ब्रेकवर भार येतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात. तिरप्या उतारावर गाडी कलंडण्याचे भय वेगळेच. म्हणून पहिला रुपया चासीचा गंज, ब्रेक आणि स्टिअरिंगवर लावावा. टायर सर्वांत शेवटी.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात निकाल दिला : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गिऱ्हाईक हे विचारत नाही, मिस्त्री सांगत नाही.

मिस्त्रीच्या हुनराची आम्हाला कदर आहे. पण त्याने कामाचे लेखी बिल द्यावे, आणि आरटीओत न चालणारे काम गिऱ्हाइकाला आधीच तोंडावर सांगावे. जुनी जीप मूळ रूपात ठणठणीत करून देण्यातही मजुरी थोडी नाही.