चांदी गेल्यावर गरिबाच्या दाढेचे काय?

किडलेल्या दाढेत चांदी भरून घेण्याची रीत आता संपुष्टात येणार आहे. ही चांदी म्हणजे पाऱ्याचे मिश्रण. त्यात जवळजवळ निम्मा पाराच असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे २०३४ पर्यंत तिचा वापर थांबविण्याचे ठरविले. भारताने हा करार २०१८ मध्येच स्वीकारला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु चांदीऐवजी जी दातांच्या रंगाची द्रव्ये भरावयाची, ती टिकतात किती आणि कोणाच्या तोंडात, हे कोणी विचारावयाचे?

यांपैकी काँपोझिट दिसावयास सुबक. पण दाढांपुरते पाहिले तर चांदीच्या मानाने ते निकामी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात आढळले. ते घट्ट होताना आकसते, आणि भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. वेळ, वीज व कौशल्य यांत काटकसर झाली की फट राहते आणि तेथे कीड पुन्हा शिरते. दुसरे द्रव्य ग्लास आयनोमर. ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन व केंट यांनी ते शोधून काढले. ते दाताला आपणहून चिकटते, त्याला विजेचीही गरज नाही. लहान खड्ड्यात ते चांगले टिकते. दोन दाढांमधील मोठ्या खड्ड्यात मात्र लवकर तुटते.

येथेच वर्गाचा प्रश्न उभा राहतो. सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत येणारा मजूर दाढ ठणकू लागेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. कारण तो दिवस गेला की मजुरी गेली. तोवर खड्डा मोठा झालेला असतो. स्वस्त द्रव्य त्यात टिकत नाही, टिकाऊ काम परवडत नाही. मग दाढ उपटणे एवढाच उपाय उरतो. द्रव्याचे आयुष्य असे प्रयोगशाळेइतकेच मजुरीच्या दरानेही ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयनोमरला २०२१ मध्येच आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. तेव्हा आश्रमशाळांत नियमित तपासणी करून लहान खड्डे वेळीच बुजविणे आणि ग्रामीण रुग्णालयांत मोठ्या खड्ड्यांसाठी काँपोझिटची विनामूल्य सोय करणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते. १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. या कामाचा आरंभ त्याच्या अंगणापासून व्हावा. पारा हटविण्याचा खर्च गरिबाने दाढ गमावून भरावयाचा नसेल, तर २०३४ ची वाट पाहून चालणार नाही.