अजून एक पावसाळा निघेल

मराठी मध्यमवर्गाने जगाला बरीच वाक्यं दिली. त्यांतलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, ‘अजून एक पावसाळा निघेल.’ हे वाक्य छत्रीबद्दल उच्चारलं गेलं तर मी मान डोलावतो. रेनकोटबद्दल उच्चारलं गेलं तरी माझी हरकत नाही. भिजणारा इसम तोच असतो. परंतु मोटारीच्या टायरबद्दल कुणी असं म्हणालं की माझ्यातला सौम्य बँक-कारकून तडक किरकोळ रजेवर जातो. आणि दर मे महिन्यात हे वाक्य मला काउंटरच्या अलीकडूनही ऐकू येतं आणि पलीकडूनही.

आमची पावसाळ्याची तयारी पाहा. गच्चीच्या भेगा बुजवल्या जातात. खिडकीला ताडपत्री लागते. कुरडया डब्यात जातात, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला जातो. गाडीचंही सगळं होतं. वायपर नवे येतात, पायाखाली रबरी मॅट येते, काचेला आतून कसलंसं द्रव्य चोळलं जातं. राहता राहिले टायर. ज्या टायरांखाली गाडी घेतली त्या दिवशी चार लिंबं ठेवली, ज्यांच्यावर दर दसऱ्याला झेंडूची फुलं वाहिली, त्यांच्याकडे वाकून बघायला मात्र घरात कुणाची कंबर तयार नसते. आमचे आजोबा बैलांना पत्र्या ठोकल्याशिवाय गाडी डांबरी सडकेवर काढत नसत. आजोबा चौथी पास होते. आम्ही ग्रॅज्युएट आहोत!

माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे मोटार एक आणि टायरांचे संच दोन. ऑक्टोबर आला की हिवाळी टायर चढतात आणि ईस्टर झाला की उतरतात. साधा टायर पारा सात अंशांच्या खाली गेला की कडक होऊ लागतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फ धरतात. बर्फाळ रस्त्यावर असे टायर नसतील तर तिकडे २०१० पासून कायदाच आडवा येतो. जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी तयार झाला आणि मोटारींचा १९३६ साली. म्हणजे ही मंडळी गेली नव्वद वर्षं ऋतू बघून चपला बदलताहेत.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आमच्या साडूंना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांचं ठीक आहे हो. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?”

बर्फ पडत नाही, कबूल. आपल्याकडे पाणी पडतं. ताम्हिणीत पडतं, आंबोलीत पडतं, आणि जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरच्या तेलात आणि धुळीत मिसळून असं काही बुळबुळीत रसायन तयार होतं की त्यावर माणूसही धड उभा राहत नाही. हिवाळी टायर आपल्याला नकोतच. आपल्या उन्हात ते मऊ रबर लौकर झिजेल. आपल्याला हव्यात त्या खोबण्या.

कारण हिशेब असा आहे. एवढी हजार-बाराशे किलोची मोटार रस्त्याला टेकते ती साधारण चार तळहातांएवढ्या जागेवर. बस्स. गाडी वळते ती या चार तळहातांच्या जोरावर आणि थांबते तीही. पावसात या तळहातांखालचं पाणी बाहेर काढण्याचं काम खोबण्या करतात. नव्या टायरची खोबण सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजत गेली की पाण्याला जायला वाट उरत नाही, आणि वेग असेल तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. अशा वेळी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. साडूंना वाटतं, गाडी काय लोण्यासारखी चाललीय!

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात झिजणाऱ्या वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकतात. त्याला घसारा म्हणतात. घसारा वेळेवर खर्ची टाकला नाही की माणूस घसरतो, हे अकाउंटन्सीच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण घाटात समजतं. बँकेत हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. टायरचंही तसंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खोबण १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. पण ही रेघ कायद्याची आहे, पावसाची नव्हे. नव्वदाव्या दिवसापर्यंत झोपा काढणारा मॅनेजर आणि १.६ मिलिमीटरपर्यंत थांबणारा मोटारमालक यांची बदली एकाच शाखेत करायला हवी.

यावर मिळणारी उत्तरं मला पाठ झाली आहेत. ‘आमच्या गाडीला एबीएस आहे.’ असेल. पण टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच एबीएस वापरू शकतं; शिल्लकच नसलेल्या खात्यावर चेकबुक कितीही देखणं असून काय उपयोग? ‘आमची गाडी फार फिरत नाही.’ नसेल. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. ‘आम्ही टायरमध्ये नायट्रोजन भरतो.’ वा! फुकटच्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्यासाठी पैसे मोजायची यांची तयारी आहे. खोबणीसाठी मात्र नाही. आणि शेवटचं हुकमी उत्तर, ‘टायर काय महाग झालेत!’ हे उत्तर देताना त्यांच्या हातात जो मोबाइल असतो, त्याच्या किमतीत चार बरे टायर येतात. तो मोबाइल दोन वर्षांपूर्वीचा होता म्हणून त्यांनी नुकताच बदललेला असतो.

माझा खरा राग काटकसरीवर नाही. काटकसरीवर माझी पोटापाण्याची नोकरी चालली आहे. राग आहे तो या व्यवहाराच्या बेकायदेशीरपणावर. गुळगुळीत टायर म्हणजे परस्पर उचललेलं कर्ज आहे. बचत तुमची, पण जामीनदार कोण? मागच्या सीटवर झोपलेली नात. पुढे बायकोला डबलसीट घेऊन निघालेला स्कूटरवाला. एसटीची वाट बघत कडेला उभी असलेली बाई. आमच्या बँकेत पन्नास हजारांच्या कर्जाला जामीन राहायचं तर माणसाला दहा ठिकाणी सह्या करायला लावतात, फोटो मागतात, पगाराचा दाखला मागतात. इथे त्या बिचाऱ्या स्कूटरवाल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि वसुली आली तर त्याच्याकडूनच होणार!

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. टायरच्या खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. झीज त्यांच्या जवळ आली की पावसाळ्याच्या आधी टायर बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने तिसरा चहा मागवण्याआधी ते वाचा. २०२२ मध्ये सरकारने ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे निकष आणले आहेत, तेव्हा टायर किती किलोमीटर चालेल याआधी ओल्यात कसा थांबेल ते विचारा. दोनच घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे लावा. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की पुष्कळदा सावरते. मागचे घसरले की गाडीच गरकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याचं काम नव्हे. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना.

एवढं करूनही कुणी म्हणालंच की ‘अजून एक पावसाळा निघेल,’ तर त्याला सांगा, पावसाळा निघेल हो, तो दरवर्षी निघतोच. त्यातून आपण निघू का, आणि पुढचा स्कूटरवाला निघेल का, एवढंच बघायचं आहे.