धनी चांगला असून भागत नाही

१९३८ च्या जानेवारी महिन्यात दोन घटना घडल्या. १ जानेवारीला बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाची पकड घेतली, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात कशी ठाण मांडून बसली आहे, ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात का उतरत नाही, हेही सुनावले. त्याच महिन्यात कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले होते. ते मार्गी लावा, ही मोर्चाची मागणी होती.

या दोन घटना आपण वेगवेगळ्या खात्यांत मांडतो. एक धर्मांतराच्या, दुसरी शेतकरी लढ्याच्या. वास्तविक दोन्हींचा प्रश्न एकच आहे. एक माणूस दुसऱ्याचा धनी का असावा?

‘धनी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मराठी बायबलमध्ये दास आणि धनी हेच शब्द आहेत. कोकणातला गडी मालकाला धनी म्हणतो. त्यामुळे पौलाची पत्रे रत्नागिरी जिल्ह्यातला कुळाचा मुलगा वाचतो, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर रोमचा सरदार येत नाही, गावचा खोत येतो. हे पुस्तक त्याला काय सांगते, हे प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. बायबल म्हणजे निव्वळ समता, असे काही जण म्हणतात. बायबल म्हणजे निव्वळ गुलामी, असेही काही जण म्हणतात. न वाचता दोन्ही म्हणता येते.

वाचले तर काय दिसते? इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत दासांना आज्ञा आहे की धन्याचे ऐका, मनापासून ऐका. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कठोर धन्याचेही ऐका, असा उपदेश आहे. पण ही पत्रे तेवढ्यावर थांबत नाहीत. ती धन्याकडेही वळतात. दासाला धमकावू नका, त्याला न्यायाने वागवा, तुमचाही एक धनी स्वर्गात आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही, असे बजावतात. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असे अनुवाद या पुस्तकात आहे. हिब्रू दासाला सातव्या वर्षी मोकळे करा आणि रिकाम्या हाताने पाठवू नका, हेही तिथेच आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी धनवानाविरुद्ध ओरडते.

मनुस्मृतीशी तुलना करा. तिथे शूद्राला एकच काम, सेवा. धन्याने सोडून दिले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, असा तिचा दंडक. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच्या तुलनेत बायबल धन्याला जाब विचारते. हे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रश्न इथे संपत नाही. धन्याला जाब विचारणे वेगळे आणि धनीपण मोडणे वेगळे. लेवीय या पुस्तकात हिब्रू माणसाला कायमचा दास करू नका असे सांगितले आहे. परक्या राष्ट्रातले दास मात्र विकत घ्यावेत, मुलाबाळांना वारशात द्यावेत, अशी सूट आहे. आपल्यासाठी एक कायदा, परक्यासाठी दुसरा. सगळा घोळ याच सवलतीत आहे.

फिलेमोनास लिहिलेले पत्र बायबलमधले अगदी छोटे पत्र. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दुरावून पौलाकडे येतो, ख्रिस्ती होतो. पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो आणि पत्रात लिहितो की याला आता दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार. हे पत्र वाचताना मन हेलावते. तरीही विचारावेसे वाटते की परत का पाठवले? आणि फिलेमोनाने पुढे काय केले? पत्र त्याबद्दल गप्प आहे. सगळे काही धन्याच्या मर्जीवर सोडले आहे. अनेसिमाच्या हातात हक्क नाही, शिफारसपत्र आहे.

धन्याच्या मर्जीवर सोडलेला धर्म धन्याच्या सोयीने वापरला जातो, हा इतिहास आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. त्यातून इजिप्तमधल्या दास्यातून झालेल्या सुटकेची कथा वगळली, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे गलतीकरांस लिहिलेले वचन वगळले, आणि धन्याचे ऐका ही आज्ञा ठेवली. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथेत ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म यांत स्पष्ट रेघ ओढली. उलट, त्याच बायबलाच्या आधारे गुलामगिरीविरुद्ध लढलेले ख्रिस्तीही होते. म्हणूनच स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुस्तक एकच होते. ते कोणाच्या बाजूने उघडले, यावर सगळे ठरले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बाणकोट. १८२३ च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला आणि पुढे हर्णैला काम सुरू केले, शाळा काढल्या. शिक्षणाचे त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु आजूबाजूच्या गावांत खोत अर्धेल-तिर्धेल वसूल करत होता, कुळांकडून वेठ घेत होता, महार वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबत होता. खोताला सौम्य होण्याचा उपदेश करता आला असता. खोती मोडण्याची चळवळ मात्र त्या मिशनमधून उभी राहिली नाही.

शेजारच्या गोव्यात तर शतकानुशतके ख्रिस्ती सत्ता होती. तिथे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा मुंडकार कायम भाटकाराच्या दबावाखाली राहिला. भाटकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. भाटकार आणि मुंडकार रविवारी एकाच चर्चमध्ये गुडघे टेकत. त्याने मुंडकाराच्या घराखालची जमीन त्याची झाली नाही. त्याला निष्कासनापासून संरक्षण मिळाले ते १९७५ च्या कायद्याने.

बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना नेमक्या याच जागी बोट ठेवले. माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे असे शिकवले की तो परिस्थिती बदलायला उठत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यांनी स्वतः कोणता मार्ग घेतला? १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. खोतीविरुद्ध विधेयक आणले. चांगला खोत द्या, अशी मागणी कधी केली नाही. चांगला खोतही खोतच असतो. पुढे १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला. आणि संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारी हा गुन्हा ठरवला. दासाला शिफारसपत्राऐवजी कलम मिळाले.

आता आरसा स्वतःसमोर धरू. दुसऱ्याच्या ग्रंथाची चिकित्सा करणाऱ्याने आपलाही ग्रंथ उघडला पाहिजे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये आहेत. नोकराला ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. उत्तम नियम आहेत. पण तेही पौलाच्या पत्राप्रमाणे चांगल्या मालकाचेच नियम आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातील दासाला मालकाने मोकळे केल्याशिवाय संघात घेऊ नये, असा विनयाचा नियमही आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर माणसांचा व्यापार ही निषिद्ध उपजीविका आहे, असे भगवंतांनी सांगितले. आणि उपालीची कथा आपण जाणतोच. शाक्य राजकुमारांआधी त्यांच्या न्हाव्याला दीक्षा मिळाली आणि कालच्या धन्यांना त्याला वंदन करावे लागले. येशूनेही शिष्यांचे पाय धुतले. पण पाय धुतल्यानंतर गुरू गुरूच्या जागी परत बसला. उपाली मात्र राजकुमारांच्या आधीच्या जागी बसला तो कायमचा. संघाचा नियमच बदलला होता.

मग आजच्या रत्नागिरीत काय चित्र आहे? हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे आहेत. मिरकरवाड्याच्या नौकांवर नेपाळी खलाशी आहेत. शहरातल्या फ्लॅटमध्ये सकाळी धुणीभांडी करायला बायका येतात. त्या फ्लॅटमध्ये आता आपलेही लोक राहतात. बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत नोकरी करणारे, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांची प्रतिमा असणारे. त्यांच्या घरच्या बाईचा चहाचा कप वेगळा आहे का? ती आजारी पडली तर पगार कापला जातो का? आठवड्याची सुट्टी आहे का? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची नोंदणी करून दिली? बागेतल्या नेपाळ्याचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो की महिन्याला? लेवीय पुस्तकातल्या परक्याचीच ही जागा नव्हे काय?

‘आम्ही तिला घरच्यासारखे वागवतो’ हे उत्तर पुरेसे नाही. खोतही कुळाला आपले लेकरू म्हणत असे. घरच्यासारखे वागवू नका, कामगारासारखे वागवा. ठरलेला पगार, ठरलेले तास, सुट्टी आणि नोंदणी द्या. त्याला दयेची गरज लागत नाही.

ख्रिस्ती बांधवांशी आमचे भांडण नाही. त्यांच्यातही अनेसिमाचे वंशज आहेत आणि तेही भाऊपणाची वाट पाहत आहेत. त्यांनी आपल्या चर्चला प्रश्न विचारावा, आम्ही आमच्या विहाराला विचारू. सुरुवात प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरातून करावी.