आज्ञा सुटली, शिधा पोचला काय?

२९ सप्टेंबर २०१० या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली नावाच्या एका लहानशा गावाकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत त्या गावातील एका महिलेस भारतातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. मुंबई नव्हे, दिल्ली नव्हे, तर सातपुड्याच्या छायेतील एक आदिवासी जिल्हा या महान प्रयोगाच्या आरंभासाठी निवडला गेला, यात निःसंशय औचित्य होते. ज्याच्यापाशी ओळखीचा एकही कागद नाही, त्याला राज्याने प्रथम ओळखावे, हा तो संकल्प होता. आज त्या गोष्टीस पंधरा वर्षे उलटून गेली आहेत. या काळात राज्यकारभाराची यंत्रे कोठल्या कोठे गेली. यंत्रे तेथवर पोचली, तेथवर सातपुड्यातला माणूस पोचला काय, हा प्रश्न आज आम्हांस पहिल्या पानावर विचारावासा वाटतो.

हा विषय रूक्ष आहे आणि त्यातील शब्द परके आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आणि मुली आज हिंजवडीत, ठाण्यात, बंगळुरात किंवा सातासमुद्रापलीकडे याच उद्योगात भाकरी मिळवीत आहेत. ज्या खिडकीतून आज राज्याच्या आज्ञा सुटतात, ती खिडकी बांधणारे हात मराठी मध्यमवर्गाच्या घरांतलेच आहेत. तेव्हा ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून पान उलटण्याची सोय आपणांपैकी कोणासही नाही.

प्रथम या यंत्राची रीत समजून घेऊ. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि जगाचा व्यापार पालटला. पेटीत कापूस असो वा यंत्रे असोत, पेटीचे माप एकच. तीच पेटी मालमोटारीवर, तीच रेल्वेवर, तीच जहाजावर. आपल्या न्हावा-शेवा बंदरावर हेच कंटेनर डोंगरासारखे रचलेले दिसतात. संगणकाच्या जगानेही हीच युक्ती उचलली. एखादा प्रोग्रॅम चालण्यास जे जे लागते ते सारे त्याच्यासह एका पेटीत बांधावे, म्हणजे ती पेटी कोणत्याही संगणकावर सारखीच चालेल. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने ही रीत सर्वतोमुखी केली. हे संगणकही आता कचेरीच्या कोपऱ्यात नसतात. ते दूरच्या प्रचंड संगणकगृहांत असतात आणि त्यांनाच ‘क्लाउड’ म्हणतात. केंद्र सरकारने आपल्या क्लाउडला ‘मेघराज’ असे भारदस्त नाव दिले, आणि २०१८ च्या आरंभी महाराष्ट्र सरकारनेही आपले क्लाउड धोरण जाहीर केले.

अशा हजारो पेट्या सांभाळावयाच्या कोणी? त्यासाठी २०१४ मध्ये गूगल कंपनीने ‘कुबरनेटिस’ ही प्रणाली जगाला खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ कर्णधार, जहाजाचे सुकाणू धरणारा. या कर्णधाराशी बोलण्याची जी खिडकी, तिला ‘एपीआय’ म्हणतात. यंत्राने यंत्राशी ठरलेल्या भाषेत बोलावे, यासाठी ती असते. तेथे ‘अमुक कर, मग तमुक कर’ असे सांगावयाचे नसते. जे हवे आहे ते सांगावयाचे: या कामाच्या दहा पेट्या सदैव चालू असाव्यात. खिडकी ही मागणी नोंदवून घेते, आणि तेथून पुढे त्या प्रणालीचे खरे शहाणपण सुरू होते. प्रत्यक्षात किती पेट्या चालू आहेत, हे ती अखंड पाहत राहते. सातच असतील तर तीन उभ्या करते. एखादा संगणक मध्यरात्री बंद पडला तर त्यावरील पेट्या दुसरीकडे उभ्या करते. मागणी आणि वस्तुस्थिती यांतील अंतर शोधणे व ते बुजविणे, एवढाच तिचा धर्म. आज्ञा नोंदली गेली म्हणून ती पार पडली, असे ती क्षणभरही मानीत नाही.

वाचकहो, या एका वाक्यापाशी आम्ही थांबतो; कारण आपल्या राज्यकारभाराचे सारे दुखणे येथेच आहे. आपल्याकडे शासन निर्णय निघाला की काम झाले. वरून आदेश सुटतो, खालून अनुपालनाचा अहवाल जातो, आणि दोहोंच्या मध्ये जो माणूस उभा आहे त्याच्या ताटात काय पडले, हे पाहण्याचे कोणाच्याच कामात मोडत नाही. कागदी घोडे पूर्वीही नाचत होते. आता ते विजेच्या वेगाने नाचतात, एवढाच फरक.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २०२१ च्या उन्हाळ्याची आठवण अजून ताजी आहे. २८ एप्रिल रोजी १८ ते ४४ वर्षांच्या नागरिकांसाठी ‘कोविन’वर लसीची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. आरंभीच्या अडखळण्यानंतर यंत्राने तो भार पेलला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच कोविनचा एपीआय सर्वांना खुला होता. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येत होता त्यांची यंत्रे रात्रंदिवस त्या खिडकीवर टकटक करीत राहिली, आणि लसीची जागा मोकळी होताच सूचना शहरातल्या तरुणांच्या हातातील मोबाईलवर येऊन पडू लागली. कित्येक ठिकाणी शहरांतील मोटारी खेड्यांतील केंद्रांपुढे उभ्या राहिल्या आणि गावकरी बाहेर बसून पाहत राहिले. पोर्टल सुरुवातीस इंग्रजीत होते. अक्राणीच्या डोंगरातील पावरी बोलणाऱ्या शेतकऱ्याने त्या खिडकीशी कोणत्या भाषेत बोलावयाचे होते? मे महिन्यात सरकारने त्या एपीआयला लगाम घातला, आणि २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष येऊन नोंदणी करण्याची मुभा या वयोगटास मिळाली. ज्यांनी त्या आठवड्यांत बाजी मारली ते कोणी दरोडेखोर नव्हते. ते आमच्यातले, आपल्यातलेच होते. आपल्या आईबापांसाठी, भावंडांसाठी त्यांनी धडपड केली. तथापि रांग ज्याला दिसतच नाही, त्याच्या पुढे उभे राहणे हेही रांग मोडणेच होय, हे आपण कबूल केले पाहिजे.

नंदुरबारचा प्रश्न येथे अधिक तीव्र होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास होती, आणि त्यांतील शंभरांत सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने देशातील मागास जिल्ह्यांसाठी आकांक्षित जिल्हा कार्यक्रम आरंभिला, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबार आहे. आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती असे एकूण ४९ निर्देशांक ठरले. आकडे संगणकाच्या पडद्यावर चढू लागले, जिल्ह्यांचे क्रम लागू लागले. कल्पना उत्तम आहे. किंबहुना कुबरनेटिसचाच तो मानवी अवतार: काय हवे ते आधी ठरवा, काय आहे ते मोजत राहा. परंतु पडद्यावरचा आकडा कोण चढवितो?

तो चढविते अंगणवाडी सेविका. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या वाड्यांवर रस्त्याने जाता येत नाही म्हणून स्वतः नाव वल्हवीत जाणाऱ्या या जिल्ह्यातील एका सेविकेची हकीकत २०२० मध्ये देशभर गाजली. टाळेबंदीत मुले केंद्रावर येत नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जावे, बाळांचे वजन करावे, गरोदर बायांना आहार पोचवावा, एवढाच तिचा साधा हिशेब होता. मागणी काय आणि वस्तुस्थिती काय, यांतील अंतर तिने वल्ह्यांनी कापले. ग्रीक भाषेतला कर्णधार संगणकगृहात असेल. आमचा कर्णधार नर्मदेच्या पाण्यावर होता. आणि अशा सेविकांच्या हाती राज्याने काय दिले? २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. ते चालत नव्हते आणि त्यांवरील पोषणाच्या नोंदीचे ॲप इंग्रजीत होते, अशी त्यांची तक्रार होती. क्लाउडवर लक्षावधींचा भार पेलणारी प्रणाली असते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जिचे बोट पडद्यावर टेकावयाचे तिला त्या पडद्यावरचे अक्षर वाचता येत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असावयाची!

यावर यंत्रशास्त्रज्ञ म्हणतील की, दोष जाळ्याचा आहे, प्रणालीचा नाही. ते खरेही आहे. संगणकगृहात दहाच्या शंभर पेट्या एका आज्ञेने होतात. सातपुड्यात मोबाईलचा मनोरा आज्ञेने उगवत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांत मोबाईलची सेवा पोचविण्यास मंजुरी दिली, याचा अर्थच असा की, तोवर त्या गावांत ती नव्हती. परंतु जाळे पोचेपर्यंत माणसाने उपाशी राहावे काय? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना स्पष्ट कळविले होते की, आधार नाही किंवा पडताळणी होत नाही एवढ्या कारणाने कोणासही धान्य नाकारू नये. नियम आहे. पण नियम खिडकीत नोंदला गेला म्हणजे तो स्वस्त धान्याच्या दुकानात पोचला, असे मानण्याची चूक आपण पुन्हा करीत आहोत. उन्हातान्हात मजुरी केलेल्या बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही, आणि ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकून म्हातारी डोंगर चढून परत जाते.

या प्रणाल्यांत प्रत्येक पेटीची प्रकृती ठरावीक काळाने विचारण्याची सोय असते. ‘जिवंत आहेस ना?’ असे विचारले जाते. ‘आहे’ असे उत्तर आले की फलकावर हिरवा दिवा लागतो. परंतु तो प्रश्न संगणकगृहातच विचारला जातो आणि तेथेच त्याचे उत्तर मिळते. हिरवा दिवा मुंबईत लागलेला असतो, आणि धडगावच्या रांगेत अंधार असतो. यंत्र खोटे बोलत नाही; त्याला चुकीच्या जागी प्रश्न विचारला गेला आहे.

यास्तव आमच्या मागण्या थोड्या आहेत, पण नेमक्या आहेत. पहिली अशी की, सेवेची प्रकृती सेवा घेणाऱ्याच्या टोकाला मोजली जावी. प्रत्येक फसलेली पडताळणी कारणासह नोंदली जावी आणि तिचा आकडा दरमहा तालुक्यात जाहीर व्हावा. दुसरी अशी की, जिल्ह्याने माहिती वर पाठवावी आणि आज्ञा खाली झेलाव्यात, एवढेच त्याचे नशीब असू नये. आपल्या जिल्ह्यात काय बंद पडले आहे हे त्याच एपीआयमधून जिल्हाधिकाऱ्यास, पंचायत समितीस, ग्रामसभेस विचारता आले पाहिजे. तिसरी अशी की, ज्या किल्लीने एका आज्ञेत हजारो पेट्या उभ्या राहतात किंवा आडव्या होतात ती कोणाकोणाच्या हाती आहे, कोणी केव्हा कोणती आज्ञा दिली, याची नोंद पुसता न येणारी असावी. २०१८ मध्ये टेस्ला या बलाढ्य मोटार कंपनीच्या कुबरनेटिसच्या नियंत्रणफलकाला परवलीचा शब्दच लावलेला नव्हता, आणि चोरांनी आत शिरून तिच्या संगणकांवर आभासी चलन खणले. तेथे बुडाले ते एका श्रीमंत कंपनीचे पैसे. येथे पणाला लागेल ते गरिबाच्या शिधापत्रिकेवरचे नाव. आणि चौथी मागणी ही की, यंत्र हरेल तेथे माणसाला निर्णयाचा अधिकार असावा. तो वापरणाऱ्या दुकानदारास किंवा सेविकेस नंतर खुलाशांच्या फेऱ्यात अडकवू नये.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. ज्या कारकुनाच्या टेबलावर फाईल सहा महिने निजत असे, त्याच्यापेक्षा न थकणारे, लाच न मागणारे यंत्र केव्हाही बरे. आमची तक्रार उलटी आहे: आपण यंत्राचा वेग घेतला, पण त्याचा सद्गुण घेतला नाही. सांगितले तेवढे झाले काय, हे पुनःपुन्हा जाऊन पाहण्याची त्याची सवय जर मंत्रालयास, आणि आमच्या घरांतील हुशार मुलामुलींस लागली, तर टेंभलीचा तो दिवस सार्थकी लागेल.

कालिदासाच्या यक्षाने मेघाला दूत करून आपला निरोप रामगिरीहून अलकेस धाडला. तो निरोप पोचला की नाही, हे काव्य सांगत नाही, आणि रसिकाला त्याची खंतही वाटत नाही. काव्यात हे शोभते. पण ज्या राज्याने आपल्या मेघाला ‘मेघराज’ म्हटले, त्याला सातपुड्याकडे धाडलेल्या निरोपाची पोच मागितल्यावाचून झोप येता कामा नये.