लॉजचे भाडे आणि कराचा काटा

दवाखान्यापायी कारंज्याहून नागपूरला मुक्काम पडला की आपण आठशेची खोली शोधतो. हजारापर्यंतच्या खोलीला पूर्वी जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला; आठशेवर ९६ रुपये! २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, म्हणजे ४० रुपये झाले. मात्र हॉटेलवाल्याला खरेदीवरील कराची वजावट बंद झाली. त्याने मूळ भाडेच चढवले, तर आपल्या पदरी काय? म्हणून बिलात भाडे व कर वेगळे पाहा. साडेसात हजारांच्या खोलीलाही तेच ५ टक्के! हजाराच्या आतली खोली पुन्हा करमुक्त व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.