मोबाईलचा सौदा बोलीवर नको, कागदावर हवा

बियाण्याची पिशवी घेताना आपला शेतकरी आता पुष्कळ सावध झाला आहे. पक्के बिल घ्या, टॅग जपून ठेवा, पिशवीतले थोडे बियाणे बाजूला काढून ठेवा, हे सांगता सांगता कृषी खात्याच्या माणसांचे घसे बसले, पण ते गावात रुजले. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो, हे नरखेड-काटोलच्या संत्रा बागायतदारापासून कुही-मौद्याच्या धान उत्पादकापर्यंत बहुतेकांना ठाऊक आहे. पण हाच माणूस आठवडी बाजारात मोबाईलच्या दुकानात शिरला की सगळे विसरतो. "भाऊ, कंपनी फुकटात देऊन राहिली, घेऊन टाका," एवढ्या बोलीवर तो अंगठा लावतो, सिम बदलतो, हप्त्याचा फोन घेतो. दोन महिन्यांनी पैसे कापले जातात तेव्हा त्याच्या हातात ना कागद असतो, ना पावती. दुकानदार म्हणतो, "कंपनीले विचारा." कंपनीच्या नंबरावर गाणे वाजत राहते.

ही बाब किरकोळ समजू नये. मोबाईल नंबर आता बोलण्यापुरता राहिलेला नाही. पीएम किसानचे ई-केवायसी, महाडीबीटीचा अर्ज, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्यांत ओटीपीची गाठ आहे. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लावली, तीही मोबाईलवरूनच. म्हणजे ज्या दिवशी फोन बंद, त्या दिवशी शेतकऱ्याचे सरकारदरबारी असलेले दारही बंद. सातबारा जसा सांभाळतो, तसा हा नंबर सांभाळायची वेळ आली आहे. म्हणूनच मोबाईलचा प्रत्येक सौदा हा करार आहे, आणि करार म्हटला की अटी आधी वाचायच्या, पैसे नंतर द्यायचे.

जुने सौदे काय सांगतात?

विदेशात दोन-दोन वर्षांच्या करारावर फोन मिळतो, मुदत संपली की कंपनी नवा फोन आणि नवा करार पुढे करते, आणि त्यावरून तंटे होतात. आपल्याकडे बहुतेक लोक आगाऊ रिचार्ज करणारे असल्याने तो प्रकार कमी. पण अजिबात नाही असे नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' नावाची योजना आणली होती. सुरुवातीला ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, अशी जाहिरात होती. लोकांनी ५०१ चा आकडा पाहिला, पुढे दर महिन्याला काय भरायचे ते अनेकांनी पाहिले नाही. तो हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालतही नव्हता. पुढे बिलांवरून वाद झाले, बिले थकली, आणि थकबाकीचा फटका कंपनीलाही बसला. अटी नीट सांगितल्या नाहीत तर नुकसान दोन्हीकडे होते, ते असे.

दुसरे उदाहरण २०१७ चे. जुलैमध्ये जिओफोनची घोषणा झाली. १५०० रुपये अनामत ठेवा, तीन वर्षांनी फोन परत करा आणि पैसे परत घ्या, म्हणून गावोगाव 'फुकट फोन' अशी बोली झाली. सप्टेंबरमध्ये फोन हाती येऊ लागले तेव्हा अटी पुढे आल्या. दरवर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज करणे भाग होते. म्हणजे तीन वर्षांत ४५०० रुपये रिचार्जचे गेल्यावर अनामतीचा हक्क. अट बेकायदा होती असे आमचे म्हणणे नाही. ज्याला फोन रोज वापरायचाच होता त्याला सौदा परवडलाही असेल. पण 'फुकट' या शब्दाच्या मागे किती अटी उभ्या असतात, ते यावरून समजावे.

आजचे सौदे वेगळ्या रूपात येतात. 'नंबर आमच्या कंपनीत आणा, इतके महिने मोफत', 'प्रीपेडचे पोस्टपेड करा, डेटा दुप्पट', 'फोन हप्त्यावर घ्या, रिचार्ज सोबत'. हप्त्याच्या फोनमध्ये तर तीन पक्ष असतात : दुकानदार, फायनान्स कंपनी आणि मोबाईल कंपनी. कोणत्या गोष्टीला कोण जबाबदार, हे कागदावर नसेल तर तक्रार तिघांत चेंडूसारखी फिरते.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

आता रिचार्जचा हिशेब करू. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. तेव्हा ३५ रुपयांत २८ दिवस फोन चालू राहत असे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर एअरटेलचा २८ दिवसांचा अमर्याद बोलण्याचा सुरुवातीचा प्लॅन १९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज पडतात. १९९ गुणिले १३ म्हणजे २५८७ रुपये. एका फोनचे हे, आणि घरात तीन फोन असतील तर बी-खताच्या हिशेबाला हात लागतो.

याबाबत ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दोन चांगले आदेश दिले आहेत, पण ते गावापर्यंत पोचले नाहीत. पहिला आदेश जानेवारी २०२२ चा. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅनसुद्धा ठेवलाच पाहिजे, असे त्यात आहे. दुसरा २३ डिसेंबर २०२४ चा. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस एवढेच असलेले वेगळे पॅक कंपन्यांनी द्यावेत, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असा हा नियम आहे. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक काढले. एअरटेलचा ३६५ दिवसांचा पॅक तेव्हा १८४९ रुपयांना होता. वर काढलेल्या २५८७ शी ताडून पाहा, वर्षाला ७३८ रुपयांचा फरक दिसतो. अर्थात यात इंटरनेट नाही. ज्याच्या घरी पोरगं फोनवर अभ्यास करते, किंवा जो स्वतः बाजारभाव पाहतो, त्याला हा पॅक उपयोगाचा नाही. पण म्हाताऱ्या आईच्या बटनाच्या फोनला इंटरनेटचे पैसे कशाला भरायचे? भाव बदलत असतात, तेव्हा आजचा भाव विचारूनच घ्या. दुकानदार स्वतःहून असा पॅक सांगेलच असे नाही, म्हणून "फक्त बोलण्याचा पॅक दाखवा," असे आपणच म्हणायला शिका.

नंबर हातचा जाऊ देऊ नका

रिचार्ज संपले म्हणून नंबर लगेच कायमचा जात नाही. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. पण एकदा गेलेला नंबर पुढे दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. समजा, नांगरणीपासून दिवाळीपर्यंत एखाद्याने जुना नंबर बंदच ठेवला आणि बँक, आधार, योजना सगळे त्याच नंबरावर आहे. उद्या त्याचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून नंबर सोडायचाच असेल तर आधी आधार, बँक आणि शेतकरी ओळख क्रमांकात नवा नंबर टाका, मगच जुना सोडा.

कंपनी बदलायची तर नंबर तोच ठेवून बदलता येते. १९०० वर एसएमएस पाठवला की कोड येतो. मात्र आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. आणखी एक साधी गोष्ट : नव्या कंपनीची रेंज चौकातल्या दुकानात नव्हे, आपल्या शेतात आणि घरात येते का, ते शेजाऱ्याच्या फोनवर आधी पाहा. उमरेड-भिवापूरच्या किंवा रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात ही पाहणी केल्याशिवाय मोफत महिन्यांच्या मागे लागू नये. रेंज नसेल तर मोफत महिना काय कामाचा?

वाद झाला तर कुठे जायचे?

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. त्याच कंपनीच्या फोनवरून १९८ लावा, पैसे लागत नाहीत. तक्रार सांगून झाली की तिचा क्रमांक, ज्याला डॉकेट नंबर म्हणतात, तो मागा आणि वहीत तारखेसह लिहा. हा क्रमांक म्हणजे बियाण्याच्या बिलासारखा आहे, तो नसला तर पुढे कोणी ऐकत नाही. न मागता गाणी, ज्योतिष, क्रिकेटची सेवा चालू होऊन पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर ती बंद करता येते. अशी सेवा ग्राहकाच्या दुबार होकाराशिवाय चालू करू नये, असा ट्रायचा २०१३ चा आदेश आहे.

समाधान झाले नाही तर दुसरी पायरी त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याची. मुदत ३० दिवसांची, फी काही नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिकडे थेट अर्ज करून वाट पाहत बसू नये.

तिसरी पायरी ग्राहक आयोगाची. इथे एक मोठा गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालामुळे, टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत असे सांगून अनेकांना परत पाठवले जाई. ही स्थिती बदलली आहे. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मोबाईल बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत असे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याला २४ हजार ६०९ रुपयांचे बिल आले. तो ग्राहक मंचात गेला, कंपनीने मंचाला अधिकारच नाही असा मुद्दा काढला, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितले की मोबाईल सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात चालते. बियाण्याच्या बाबतीतही असाच मुद्दा निघाला होता. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जी वाट बियाण्याने मोकळी केली, ती आता फोनलाही मोकळी आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत व्हावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून सल्ला घेता येतो.

गावाने काय करावे?

यात एकट्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवून भागणार नाही. सरकारने योजना मोबाईलवर नेल्या, तर नंबर चालू ठेवण्याची आणि लुबाडणूक थांबवण्याची थोडी जबाबदारी गावपातळीवरही यायला हवी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी लागते, त्याशेजारी १९८, १५५२२३ आणि १९१५ हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहायला किती रंग लागतो? ग्रामसेवकांनी महिन्यातून एक दिवस अशा तक्रारींसाठी ठेवावा. एकाच कंपनीच्या एकाच सौद्याबद्दल दहा तक्रारी असतील तर त्या एकत्र पाठवाव्यात, एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा त्याला वजन येते. तालुका विधी सेवा समितीकडून अर्ज लिहिण्याची मदत मागावी. आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकांनी केवायसी करताना नंबर कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की नाही, एवढे विचारले तरी पुढचे हेलपाटे वाचतील. सिमकार्ड पुतण्याच्या नावावर आणि पैसे काकांच्या खात्यात, हा घोळ गावोगाव आहे. कृषी खात्याच्या आम्हा लोकांनीही खरीपपूर्व सभेत बीजप्रक्रियेनंतर पाच मिनिटे या विषयाला द्यायला हरकत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दुकानातून उठण्याआधी चार गोष्टी विचारा : एकूण पैसे किती, दिवस किती, मोफत मुदतीनंतर दर काय, आणि मधेच सोडले तर काय भरावे लागेल. उत्तरे पावतीच्या मागे लिहून घ्या, खाली दुकानाचा शिक्का मागा. जो दुकानदार हे लिहून द्यायला तयार नाही, त्याचा सौदा कितीही गोड असला तरी तिथून उठा. बाजारात दुसरे दुकान असतेच.