हक्कपत्रासोबत फाइलही द्या

छत्तीसगडच्या वनखात्याने मे 2025 मध्ये एक पत्र काढून सामूहिक वनसंसाधन हक्कांसाठी स्वतःलाच नोडल यंत्रणा ठरवले आणि इतर खाती व संस्थांना व्यवस्थापन आराखड्यांच्या कामातून बाहेर ठेवले. ग्रामसभा आणि संघटनांनी आवाज उठवला तेव्हा जुलैच्या सुरुवातीला ते पत्र मागे घ्यावे लागले. आपल्या क्षेत्रातल्या अनेकांना प्रश्न मिटला असे वाटते आहे. आम्हाला तसे वाटत नाही. जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार 2006 च्या वनहक्क कायद्यानेच ग्रामसभेला दिला आहे. त्या पत्राने तो जाणार नव्हता आणि पत्र मागे घेतल्याने तो आपसूक हाती येतो असेही नाही. गावाच्या हद्दीची मूळ फाइल ज्याच्या संगणकात आहे, तोच आदेशाशिवायही नोडल यंत्रणा होऊन बसतो.

वाचकांच्या पत्रांतली तक्रार नेमकी हीच आहे. हद्द गावाने स्वतः चालून काढलेली असते. वनहक्क समिती, पटवारी, बीटगार्ड आणि शेजारच्या गावांची माणसे यांच्या साक्षीने जीपीएसवर बिंदू घेतलेले असतात. दावा मंजूर होऊन हक्कपत्र हाती पडते तेव्हा सोबत मिळतो तो स्कॅन केलेला, फिकट नकाशा. मूळ बिंदू मागितले तर ‘नकाशा दिला आहे ना’ म्हणून परत पाठवतात. 1:50,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 25 मीटर रुंद असते. वणवा हद्दीच्या आत लागला की बाहेर, तोड कोणाच्या बाजूला झाली, हे असल्या रेघेवर कधीच ठरत नाही. आणि हेच सरकार वनजमीन वळती करण्याचा अर्ज परिवेश पोर्टलवर घेताना अर्जदाराकडून केएमएल फाइल मागते. म्हणजे फाइलचे मोल सरकारला पुरते ठाऊक आहे. भिलाईच्या कारखान्याला दल्लीराजहरानंतर रावघाटच्या लोहखनिजाकडे वळावे लागले. अशा पट्ट्यात खाणीची हद्द यंत्राला वाचता येणार आणि गावाच्या जंगलाची हद्द कागदावरच राहणार असेल, तर कोणाची जमीन कोणावर चढते आहे हे निर्णयाआधी पाहायचे कसे?

जिथे फाइल मिळते तिथे बहुधा शेपफाइल मिळते, आणि तिच्यातली पीआरजे फाइल गहाळ असते. मग एव्हरेस्ट डेटमवरच्या जुन्या टोपोशीटवरून काढलेली हद्द कोणीतरी डब्ल्यूजीएस 84 समजून उघडतो आणि सगळे गाव शंभर मीटरहून जास्त सरकते. दुर्ग-भिलाई यूटीएमच्या 44 व्या झोनमध्ये आहे, तर जशपूर 45 व्या. तिथल्या फायली 44 समजून उघडल्या की काय होते हे आपल्याला सांगायला नको. पण सगळ्यात मोठे नुकसान देवनागरीचे होते. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव 10 बाइटांचे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट खाते, म्हणून ‘ग्रामसभा’ लिहायला गेलात तर ‘ग्र’ उरते. मजकुराची मर्यादा 254 बाइटांची, म्हणजे 84 चिन्हे. कायद्याने मागितलेले पारंपरिक सीमेचे वर्णन, कुठल्या नाल्यापासून कुठल्या देवगुडीपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या खुणेवरच तुटते. रेघ राहते, पण ती कशाच्या आधाराने ओढली हे पुसले जाते. 2014 पासून जिओपॅकेज उपलब्ध आहे. एकच फाइल, हवे तितके थर, यूटीएफ-8 मजकूर, आणि प्रक्षेपणाची नोंद फाइलच्या आतच. क्यूजीआयएसमध्ये ती थेट उघडते. तरीही कार्यालये शेपफाइलच मागत राहतात, याला सवयीखेरीज कारण दिसत नाही.

आक्षेप ऐकू येतात. 2012 च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्राला फक्त पूरक पुरावा मानले आहे, मग फाइलचा आग्रह का? तो नियम दावेदाराच्या संरक्षणासाठी आहे. चित्रात दिसत नाही म्हणून वृद्धांची साक्ष किंवा निस्तारपत्रक कोणी नाकारू नये, एवढाच त्याचा अर्थ. मंजूर झालेली हद्द गावाला फाइलमध्ये देण्याला तो आड येत नाही. दुसरे कारण सुरक्षेचे सांगतात. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांवरची पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, तेव्हा या सबबीला आता आधार उरलेला नाही. तिसरा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो: गावांचा निस्तार एकमेकांच्या जंगलात मिसळलेला असतो, धारदार रेघ ओढली की भांडणे लागतात. भीती खरी आहे. पण धारदार रेघ स्कॅन नकाशावरही असतेच, तिथे फक्त सामायिक चराईचा किंवा मोहाचा पट्टा दाखवायची सोय नसते. दोन बहुभुज एकमेकांवर येऊ द्यावेत आणि त्या भागावर दोन्ही ग्रामसभांच्या ठरावांची नोंद करावी. देवस्थाने आणि औषधी वनस्पतींच्या जागा वेगळ्या थरात ठेवाव्यात. तो थर कोणाला दाखवायचा हे ग्रामसभाच ठरवेल.

मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर आणि धमतरी जिल्ह्यातल्या जबर्राला 2019 मध्ये पाच हजारांहून जास्त हेक्टरवर हक्क मिळाला. एवढ्या जंगलात दरवर्षी बांबू कुठे तोडायचा आणि कुठे राखायचा हे कागदाच्या चौकोनावर ठरवता येत नाही. म्हणून कार्यालयांइतकाच आमचा राग आपल्यातल्या त्या मंडळींवरही आहे, जी गावाला पीडीएफ देऊन मोकळी होतात आणि मूळ फाइल स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ठेवतात. प्रकल्प संपतो, माणूस बदलीवर किंवा दुसऱ्या संस्थेत जातो, आणि गावाची मोजणी त्याच्याबरोबर जाते. मित्रहो, हे थांबवा. तुमच्याकडे ज्या गावांच्या हद्दी पडून आहेत, त्या या महिन्यात परत करा: जिओपॅकेज पेनड्राइव्हवर, फोनवर पाहण्यासाठी केएमएल, आणि बिंदूंचे अक्षांश-रेखांश डेटमच्या नावासह छापून, ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून. पुढचा दावा भरताना सोबत अर्ज द्या की हक्कपत्राबरोबर मंजूर हद्दीची फाइल मिळावी, आणि नकार आला तर तो लेखी घ्या. ते लेखी नकार आमच्याकडे पाठवा, आम्ही ते छापू.